दोन रुपये चाळीस पैसे

माझा भाचा पुण्यात राहतो आणि लोकांच्या मनातल्या शंका विकत घेतो. धंद्याचं नाव विचारलं की तो आधी ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा पाहून लगेच ‘म्हणजे कमिशनवर’ असं जोडतो. कुणीतरी, कुठेतरी, जेवणं उरकल्यावर गूगलला विचारतं की चांगला मिक्सर कोणता. उत्तरांच्या डोक्यावर, ‘प्रायोजित’ अशा बारीक पाटीखाली, भाच्याची दोन ओळींची जाहिरात उभी असते. तिच्यावर त्या माणसाचं बोट पडलं की भाच्याच्या खात्यातून पैसे जातात. मग तो माणूस भाच्याच्या पानावर येतो, चार मिक्सरांची तुलना वाचतो, तिथून एखाद्या ऑनलाइन दुकानात शिरतो, आणि मिक्सर घेतलाच तर दुकान भाच्याला कमिशन देतं. म्हणजे वस्तू दुसऱ्याची, गरज तिसऱ्याची, आणि काळजी मात्र सगळी याची.

हिशोब तसा चौथीच्या मुलाला जमावा असा आहे. धरा, एका मिक्सरमागे १२० रुपये कमिशन, आणि आलेल्या ५० जणांतला एक जण घेतो. तर एका क्लिकची किंमत झाली २ रुपये ४० पैसे. ती २ रुपयांना पडली तर पन्नास क्लिकांमागे २० रुपये सुटतात. ३ रुपयांना पडली तर ३० रुपये खिशातून जातात. चाळीस पैशांच्या त्या चिंचोळ्या फटीत एक अख्खा संसार अंग चोरून बसलेला असतो. दिवाळी जवळ आली की जाहिरातीच्या जागेसाठी सगळेच बोली चढवतात आणि फट मिटत जाते. त्यातून एखाद्या घरी मिक्सर पोहोचतो, रंग ओट्याला शोभत नाही म्हणून परत जातो, आणि त्याच्याबरोबर कमिशनही परत जातं. क्लिकचे पैसे मात्र परतत नाहीत.

ही बोली लागते कशी, हे ऐकताना मला घाऊक फळबाजारातला रुमाल आठवला. लहानपणी वडिलांबरोबर गेलो असताना पाहिलं होतं: दोन माणसं एकमेकांचे हात रुमालाखाली धरून, बोटं दाबून आंब्याचा भाव ठरवत होती, आणि चेहरे असे की जणू हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. शोधाच्या शब्दांचा बाजार आधी उघडा होता. १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने शब्दांवर बोली घेणं सुरू केलं, तेव्हा कोण एका क्लिकला किती मोजतो ते कुणालाही दिसायचं. २००२ मध्ये गूगलने क्लिकचा लिलाव मांडला आणि वर रुमाल टाकला. शिवाय नुसती थैली मोठी असून भागेना. लोक जिच्यावर खरोखर बोट ठेवतात ती जाहिरात कमी बोलीतही वर चढू लागली. आणि जिंकणाऱ्याने स्वतःची पूर्ण बोली मोजायची नाही, खालच्याला मागे टाकण्यापुरतंच द्यायचं. बंद पाकिटातल्या बोलीत जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची रक्कम भरावी, या विचाराची मांडणी विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच केली होती. गूगलची रीत हुबेहूब तीच नाही, पण नात्यातली आहे. विक्री यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी ॲमेझॉनने आपली कमिशनची योजना सुरू केली होती. लिलावांचा इतका विचार केलेल्या त्या गृहस्थांना, पुढे माणसाच्या मनातल्या प्रश्नाचाही लिलाव होईल, हे पाहायला मिळालं नाही. बरंच झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.

भाचा म्हणतो, नफा बोलीत नसतोच, तो नकारात असतो. कोणते शब्द आले तर जाहिरात दाखवायची नाही, याची त्याची यादी लांबलचक आहे: फुकट, दुरुस्ती, जुना, सुटे भाग, चित्र, निबंध. ज्याचा मिक्सर जळलाय आणि जो तो दुरुस्त करू पाहतोय, त्याला भाच्याच्या दारात प्रवेश नाही. व्यवहार म्हणून हे अगदी बरोबर आहे, आणि तरी त्या यादीकडे बघताना मला त्या दुरुस्तीवाल्याचाच लळा लागतो. यादीहूनही वाचनीय असतो तो लोकांनी खरोखर काय टाइप केलं त्याचा अहवाल. ‘मिक्सर’ एवढा एकच शब्द लिहिणारे भरपूर. त्यांच्यासाठी बोली चढी आणि घेणारा विरळा. पण मध्येच कुणी लिहितं, ‘कमी आवाजाचा मिक्सर बाळ झोपलेलं असताना’. अशा लांब प्रश्नावर बोली लावणारे थोडे, म्हणून क्लिक स्वस्त. आणि विचारणारी बाई घेणारच असते, कारण तिला झोप हवी असते. भाचा याला चांगला कीवर्ड म्हणतो. मला ते अर्धं पत्र वाटतं, पत्ता न लिहिता पेटीत टाकलेलं. सप्टेंबर २०२० पासून गूगलने असे तुरळक विचारले जाणारे कित्येक प्रश्न अहवालातून झाकले. पैसे अजून लागतात, पत्रं मात्र आता वाचायला मिळत नाहीत.

सोप्या वाटा होत्या, त्या दुकानांनी बुजवल्या. दुकानाच्याच नावावर बोली लावायची आणि जो आधीच तिकडे निघालाय त्याला दारापर्यंत सोडल्याचं कमिशन मागायचं, हे बहुतेक योजनांत निषिद्ध आहे, आणि योग्यच आहे. मे २००९ पासून ॲमेझॉनने उत्तर अमेरिकेत शोध-जाहिरातीतून थेट आपल्या दुकानात आणलेल्या गिऱ्हाइकावर कमिशन देणं थांबवलं. मग मधल्या पानालाच काही अर्थ असावा लागतो. भाच्याची बहुतेक पानं तोट्यात गेली आणि त्याने ती बंद केली. बाळाच्या झोपेचं पान टिकलं, कारण त्यात कोणता मिक्सर किती ओरडतो हे खरोखर मोजून लिहिलेलं आहे.

तेव्हा मंडळी, मिक्सर घ्यायचाच असेल तर वरच्या जाहिरातीवर खुशाल बोट ठेवा. नुसती गंमत म्हणून बघत असाल तर जरा खाली सरका. खालची उत्तरं फुकट आहेत, आणि कुणाचे तरी दोन रुपये वाचतील.