अठरा इंच आणि एक सूत

शिरूर-दौंड पट्ट्यात नियम म्हणजे बोलणी सुरू करायची जागा. बांध वीतभर सरकला, ऊस ट्रॉलीबाहेर हातभर आला, लग्नाचा मुहूर्त तासभर पुढं गेला, की चार माणसं बसतात, चहा होतो आणि नियम समजूतदारपणा दाखवतो. अशा मुलखात दौंडला नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीनं एक नियम आणला. हा चहाच पीत नव्हता.

स्पर्धेचं नाव फर्स्ट टेक चॅलेंज. अमेरिकेतल्या डीन केमन यांनी १९८९ मध्ये काढलेल्या संस्थेची ही शाळकरी मुलांची स्पर्धा. मुलांनी रोबो बांधायचा आणि १२ फूट लांब-रुंद मैदानात अडीच मिनिटं खेळवायचा. पहिली ३० सेकंद त्यानं स्वतःच्या अकलेनं चालायचं, कुणी रिमोटला हात लावायचा नाही. आणि सुरुवातीला अख्खा रोबो, तारांसकट, १८ इंची खोक्यात बसला पाहिजे. सामना सुरू झाला की मग हातपाय पसरा.

रोबोंच्या खेळाचं पुणे जिल्ह्याला नावीन्य नाही म्हणा. २००८ साली आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन पुण्यात झाली, तेव्हा विषयच ‘गोविंदा’ होता. पुढं २०२२ ला भारताकडं यजमानपद आलं तर ‘लगोरी’. म्हणजे आम्ही अंगणात फुकट खेळलो ते खेळायला आता इंजिनिअर लागतात. पण ती कॉलेजची पोरं. आमच्याकडं होती नववीतली चार पोरं आणि आप्पा.

आप्पा म्हणजे आमचे धाकटे चुलते. न्हावऱ्याच्या रस्त्याला त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान. दर वर्षी सप्टेंबरात या स्पर्धेचा नवा खेळ जाहीर होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत गळीत हंगामाच्या आधी ट्रॉल्या दुरुस्तीला रांगेत उभ्या असतात. तरी नात आली म्हटल्यावर आप्पांनी एका ट्रॉलीचा आख बाजूला ठेवला.

“आप्पा, सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा करतात.”

“अ‍ॅल्युमिनियम टोपाला, पोरी. सांगाडा लोखंडाचा.”

दोन इंची अँगल कापून, टॅक मारून, फुल वेल्डिंग करून आप्पांनी संध्याकाळपर्यंत जे उभं केलं, त्यावर पाच टन ऊस आरामात बसला असता. दोघांनी उचलून ते जमिनीवर ठेवलं. भाचीनं आपल्या मुठीएवढ्या मोटरी त्याच्याशेजारी मांडल्या आणि काहीच बोलली नाही. आप्पाही बोलले नाहीत. शिवाय वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढून घेतं, त्यामुळं चौकोनाचा पतंग झाला होता. तो सांगाडा सध्या पाण्याच्या टाकीखाली सुखात आहे.

मग अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या आणि नट-बोल्टानं जोडणी सुरू झाली. इथं आप्पांचा खरा हात दिसला. आमच्याकडं इंचाचे आठ सूत. भाची मिलिमीटरमध्ये बोलायची, आप्पा सुतात. “सांगाडा अठराचा करायचाच नाही,” आप्पा म्हणाले. “साडेसतरा कर. बाजूला दोन-दोन सूत राहतील. बोल्टाची डोकी काय हवेत राहणार हायत का?” मग गुण्या लावला, टेपचं टोक एका कोपऱ्याला भाचीनं दाबलं, दुसऱ्याला आप्पांनी. एक कर्ण पावणेपंचवीस इंच. दुसराही पावणेपंचवीस. आप्पांनी टेप सोडली, ती सर्रकन आत गेली.

सरावासाठी खोकं हवं म्हणून सुताराला सांगितलं. सुतारानं फोनवर “अठरा ना?” एवढंच विचारलं. आतून की बाहेरून, हे त्यानं स्वतःच ठरवलं. प्लाय १८ मिलिमीटरचा. खोकं आतून भरलं जेमतेम साडेसोळा इंच. सगळी पोरं सांगाड्याकडं संशयानं बघू लागली. आप्पा मात्र खोक्याकडं बघत होते.

दसऱ्याला दुकानातल्या हत्यारांबरोबर रोबोचीही पूजा झाली. काकूनं घातलेला झेंडूचा हार दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच बाहेर येत होता. नियमाला हार चालत नाही, हे काकूला अजून पटलेलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलाशी आप्पांनी सवयीनं सुरुवात केली, “साहेब गाव कुठलं आपलं?” साहेबांनी गाव सांगितलं, पाहुणेही निघाले असते, पण खोकं त्यांच्या गावचं नव्हतं. दाबायचं नाही, रेटायचं नाही, अलगद बसलं तर बसलं. तारा बांधायच्या प्लास्टिक पट्टीची शेपटी एका बाजूनं अडली. एवढीशी. भाचीनं दप्तरातून नेलकटर काढलं, टक् केलं, आणि रोबो आत.

सामन्याचं काय सांगायचं? पहिल्या ३० सेकंदांत रोबो स्वतःच्या अकलेनं उलटा निघाला. दौंडचाच तो. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाड्यांची दिशा तिथं वर्षानुवर्षं उलटी होत आली, कॉर्ड लाइन तर आत्ता झाली. नंतर पोरांनी रिमोट घेऊन बरंच सावरलं. बक्षीस दुसऱ्यांना मिळालं.

आप्पा मात्र तेव्हापासून बिघडलेत. परवा एक गिऱ्हाईक शेळ्यांच्या गोठ्याला जाळीचं दार करायला आलं. आप्पांनी कर्ण मोजला, एका सुताचा फरक निघाला, चारही बोल्ट सोडले आणि पुन्हा मांडणी केली. दोन तास झाले. शेवटी गिऱ्हाईक कळवळून म्हणालं, “आप्पा, शेळी टेप घिऊन येत न्हाई हो!”