लाल खिडकीस अनावृत पत्र

ती. स्व. लाल खिडकीबाई यांस,
एका नवशिक्या संगणकधारकाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या घरी संगणक आल्यापासून आमची सर्वांत जास्त काळजी आपणच वाहता. फुकटात सिनेमा मिळेल या आशेने कुठे डोकवावे, तर आपण पडदाभर पसरता, भोंगा वाजवता आणि बजावता : 'आपल्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत. संगणक बंद करू नका. ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा.' सख्खे नातेवाईकही हल्ली इतक्या तातडीने चौकशी करत नाहीत.

आपल्या वेगाला तर तोड नाही. खऱ्या अँटीव्हायरसला अख्खी डिस्क तपासायला तास-तास लागतात. आपण ब्राउझरच्या एका टॅबमध्ये मांडी घालून, डिस्कला हातही न लावता, तीन सेकंदांत पाच मोजून मोकळ्या होता. ब्राउझर कुठल्याही वेबपानाला परस्पर डिस्क चाळू देत नाही, असे जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे. विंडोजचे व्हायरस मोबाइलच्या पडद्यावरही शोधून दाखवणाऱ्या आपल्या दिव्यदृष्टीची त्यांना काय कल्पना?

आणि तो फोन नंबर! ही तर आपल्या घराण्याची जुनी रीत. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस सोडला. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून तो ओळखला जातो, आणि त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता, फोन असे सगळे लिहून ठेवले होते. आपण नाव-पत्ता गाळलात, फोन तेवढा ठेवलात. त्यावर म्हणे 'मायक्रोसॉफ्टचे इंजिनिअर' भेटतात. ते आधी संगणक दुरून चालवू देणारे एनीडेस्क उतरवून घ्यायला लावतात, मग इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही उघडून त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा दाखवतात. त्या खुणा ठणठणीत संगणकातही ढिगाने असतात, पण एवढ्या आपुलकीने दाखवतो कोण? मायक्रोसॉफ्ट मात्र कोरडेपणाने सांगते की आमच्या कुठल्याही इशाऱ्यात फोन नंबर नसतोच. सीबीआय त्याहून अरसिक. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र-२' म्हणून देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात टेक सपोर्टच्या नावाने परदेशी लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरेही होती. समाजसेवेची कदर राहिली नाही, बाई.

आमचे हितचिंतक आपण एकट्याच नाही, हेही कळवले पाहिजे. नव्या लॅपटॉपबरोबर एका अँटीव्हायरसची चाचणी-आवृत्ती पोटातूनच आली. मुदत संपत आल्यापासून ती रोज आमच्या सुरक्षेविषयी हळहळते. दुकानदाराने 'प्रो', 'इंटरनेट' आणि 'टोटल' असे तीन डबे समोर मांडले. फरक विचारल्यावर 'टोटलमध्ये सगळं येतं' एवढा शास्त्रीय खुलासा मिळाला. मेव्हण्यांचे मत, दोन अँटीव्हायरस टाका, एकाच्या हातून निसटला तर दुसरा पकडेल. प्रत्यक्षात एका दारावर दोन वॉचमन ठेवले की ते चोर सोडून एकमेकांनाच हटकत बसतात आणि संगणक मात्र धापा टाकतो.

डबा घ्यायची सवय आम्हाला उगाच लागलेली नाही. फ्लॉपीतून व्हायरस यायचे, संगणकाबरोबर धड संरक्षण येत नसे, त्या नव्वदच्या दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे बंधू संजय यांनी 'क्विक हील' उभे केले. तेव्हा डबा विकत घेणे हाच शहाणपणा होता. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. फुकट असतो, भोंगा वाजवत नाही, मुदत संपली म्हणून रडत नाही. म्हणूनच तो कुणाला दिसत नाही. चाचणी-आवृत्ती पूर्ण काढून टाकावी, स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' शोधावे, हिरव्या खुणा दिसल्या की नवशिक्याची निवड संपली. दुकानदारांनी क्षमा करावी.

मुलांवर लक्ष ठेवायची सोय हवी, घरात पाच-सहा यंत्रे आहेत, अडल्यावर बोलायला माणूस हवा, तर विकतचा जरूर घ्यावा. मात्र जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था नियमित चाचण्या घेऊन निकाल जाहीर करतात, ते आधी पाहावेत. डब्यावरच्या ढाल-तलवारीवर जाऊ नये. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा दुसऱ्या वर्षाची किंमत वाचावी आणि ऑटो-रिन्यूअलची खूण काढावी. फुकट म्हणून दुसरेच काही उतरवणाऱ्यांनी अवास्टचे प्रकरण आठवावे. आपण काय काय पाहतो याचा माग ठेवणाऱ्यांपासून वाचवू, असे सांगणाऱ्या या कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहितीच विकली, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आणली.

खरे तर आपल्याला कुठल्याही अँटीव्हायरसपेक्षा अपडेटचे वावडे असावे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. 'नंतर आठवण करून द्या' हे बटण दाबणाऱ्यांनी त्याला दोन महिने दार उघडे ठेवले. जूनमध्ये त्याच्याच पठडीतल्या नॉटपेट्याने तीच फट वापरली आणि थेट आमच्या न्हावाशेवा बंदरातले एक टर्मिनल ठप्प केले. विंडोज १० चा नियमित आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर महागडा अँटीव्हायरस चढवून निर्धास्त झोपणारे आपले खास यजमान आहेत.

तेव्हा खिडकीबाई, राग नसावा. यापुढे आपण अवतरलात तर आम्ही फोन करणार नाही. आल्ट आणि एफ-फोर दाबू, नाही जमले तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करू, आणि पुन्हा उघडताना जुनी पाने उघडणार नाही. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवू, आणि ती डिस्क काम झाले की काढून कपाटात ठेवू. आपल्या इंजिनिअर मंडळींना आमचा नमस्कार सांगावा.

आपला,
एक नवशिका

ता. क. : हे पत्र खिडकीबाई वाचणार नाहीत, म्हणून वाचकांसाठी. त्यांच्या नंबरावर कुणी फोन करून बसले असेल, तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. लाजून गप्प बसू नका. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.