फुंकर

आमच्या शेळगावात वस्तू बिघडली की उपचारांचा क्रम ठरलेला आहे. आधी फुंकर, मग थापड, मग बारामती. बहुतेक रोगी थापडीतच सुधारतात किंवा सुटतात. बारामतीपर्यंत फार थोडे पोचतात.

दिवाळीला माळा आवरताना माझा लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला. चांगलं उसाचं बिल आलं त्या वर्षी वडिलांनी घेऊन दिलेला. जपानच्या निन्टेन्डोने 1983 साली फॅमिकॉम काढला, आणि पुढे आपल्याकडे समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी जे डबे घरोघर आले, ते त्याच कुळातले. आमच्या डब्यावरचं नाव पार पुसलेलं. त्याचा सातबारा कुणाच्या नावावर होता, देव जाणे.

"आरं, भंगारवाल्याला दे की," आई म्हणाली.

"आई, जुनी वस्तू होती तशी करायची, याला रिस्टोरेशन म्हणतात."

"मग आधी न्हाणीतला नळ रिस्टोर करा," आतून बायकोचा आवाज आला.

डबा उघडला. आत पालीच्या अंड्यांची टरफलं, दोन वाळकी झुरळं आणि मुंग्यांनी आणलेली माती. इतकी वर्षं हे घर रिकामं नव्हतं तर! खरा मेंदू मात्र दिसेचना. या नकली डब्यांत चिप काळ्या राळेच्या थेंबाखाली गाडलेली असते. ती बदलता येत नाही, बघताही येत नाही. आमच्या वस्तीच्या रस्त्यावर डांबर दिसत नाही. ते कुठं गेलं, हे त्या दिवशी कळलं.

बाकीचं मात्र माणसाच्या हातातलं होतं. अडॅप्टरचे 9 व्होल्ट घेऊन पुढे 5 देणारा तीन पायांचा रेग्युलेटर बदलला. तुटलेल्या वायरीला डाख दिला. रिमोटमधल्या रबराखालचा काळा थर 'कॉन्ट्रा' या गेममध्ये गोळ्या झाडून झाडून झिजला होता, तिथं चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद चिकटवला. गेमची कॅसेट पुसायला 99 टक्क्यांचं अल्कोहोल मागवलं, तर बाटली आल्याची बातमी माझ्याआधी चुलत्यांना. "नुसतं पुसायलाच हाय व्हय?" असं म्हणत ते दोनदा येऊन गेले.

कॅसेटवर '9999 इन 1' असं छापलेलं. आत खरे गेम पाच-पंचवीस. बाकी तेच, नवं नाव घेऊन पुन्हा उभे. आपल्याकडच्या निवडणुका बघत मोठं झालेल्याला याचं काही वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, जोरात फुंकर मारायची आणि परत घालायची, हे तेव्हा शेळगावापासून शिकागोपर्यंत प्रत्येक पोराला न शिकवता येत होतं. खरी गोष्ट अशी, की फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा जातो आणि कॅसेटच्या 60 पिना काळ्या पडतात. गेम लागायचा तो काढण्या-घालण्यामुळे. घासून पिना परत चिकटायच्या. ताप आपोआप उतरावा आणि नाव अंगाऱ्याचं व्हावं, तसं हे.

राहिली डब्याबरोबरची, पडद्यावरची बदकं मारायची बंदूक. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला डोळा तेवढ्या क्षणात तो उजेड शोधतो. चपट्या टीव्हीवर चित्र किंचित मागाहून येतं, म्हणून गोळी वेळेवर पोचते आणि बदकाला उशीर होतो. शेवटी गोठ्यातून पेंडीच्या पोत्याखालचा जुना डबा टीव्ही आणावा लागला. आमच्याच तालुक्यात भिगवणला लोक रोहित पक्षी बघायला दुर्बिणी घेऊन येतात, आणि मी एका बदकासाठी गोठा उपसत होतो.

सगळं जोडलं. बटण दाबलं. पडद्यावर मुंग्या. खोडरबराने पिना घासल्या, अल्कोहोलने पुसल्या, मीटर लावून बघितला. मुंग्याच.

आई दळण निवडता निवडता उठली. कॅसेट उपसली, चुलीपाशी उभी हयात घालवून कमावलेली ती सणसणीत फुंकर मारली आणि दणका देऊन कॅसेट बसवली. पडद्यावर मारिओ.

"एवढ्यासाठी आठ दिस घालवलं व्हय?" म्हणून ती परत दळणाला बसली.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या माळ्यावर असा डबा असेल तर कॅसेटच्या पिना खोडरबराने हलकेच घासा, अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि फुंकर चहासाठी राखून ठेवा. आई घरात असेल तर मात्र थेट तिच्याच हातात द्या. न्हाणीतला नळ अजून गळतोय.