नंदीला चाकं असतात
भोसल्यांच्या काळापासून नागपुरात तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदीला चाकं असतात, सजावटीला बक्षीस असतं. नंदीवाल्या पोराला मात्र आपण गर्दीतून सरळ मनगटाला धरून ओढतो. १ ते ४ वर्षांच्या लेकराचं कोपरातलं रेडियस हाड अशाने बंधातून जरासं निसटतं. हात लुळा पडतो आणि अख्खं खानदान धंतोलीतल्या दवाखान्यात! आजी म्हणते दृष्ट, काका म्हणतात एमआरआय. "पडला" हे मात्र सगळे एका सुरात सांगतात. ओढलं कुणीच नसतं. डॉक्टर मनगट फिरवतात, कोपरात टक् होतं आणि काही मिनिटांत तोच हात कुरकुऱ्यांच्या पुड्यात. एक्स-रेही बहुधा लागत नाही. पण गाडी लावायला जागा शोधून घामाघूम झालेल्या बाबांना एवढं झटपट बरं होणं पटत नाही. "डॉक्टर, एखादं टॉनिक तरी लिहून द्या ना जी!"