चारच ओळी

"ऐका, चारच ओळी आहेत," असं म्हणून कॉम्रेडकाकांनी शबनममधली फाईल काढली, की हातातला चहा आधी संपवावा. चार ओळी फुलस्केपची चार पानं भरतात, आणि मध्ये घोट घेतलेला काकांना चालत नाही. "शोषणाचं वर्णन चाललंय आणि तुम्ही फुरका मारता?"

लालबाग-परळ भागात असा एक तरी कवी प्रत्येक चाळीच्या वाट्याला आलेला आहे. आमचे काका ऐन विशीत सांचेखात्यात बदली कामगार होते. १९८२च्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे असा कुणी घेतलाच नाही. काकांचा सगळा डोलारा या एका मुद्द्यावर उभा. "संप चालू आहे, तर कविता बंद कशी करणार?" यावर काकू आतून म्हणतात, "संप चालू असला तरी दूध संपलंय."

नारायण सुर्व्यांचं नाव काका कानाला हात लावून घेतात. रस्त्यावर सापडलेलं पोर गिरणी कामगाराने वाढवलं आणि त्याने पुढे 'माझे विद्यापीठ' लिहिलं, हे ते दर वेळी नव्याने सांगतात आणि दर वेळी त्यांचा आवाज त्याच ठिकाणी बसतो. अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि लाल बावटा कलापथकाचा विषय निघाला की टेबलावर डफ वाजतो. ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा. प्रस्तावना लिहायच्या आधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर कामाठीपुऱ्यात हिंडून आले होते. ही गोष्ट काकांनी फारच मनावर घेतली आहे. कविता ऐकवायच्या आधी ते श्रोत्याला मागच्या गटाराकडे नेतात. "आधी वास घ्या, मग प्रतिमा कळेल."

मासिकांकडे ते कविता पाठवत नाहीत. टाळ्यांचाही त्यांना संशय येतो. "टाळी म्हणजे विषय मिटला. उत्तर द्या!" म्हणून त्यांच्या कविता थेट वॉर्ड ऑफिसात जातात, दोन प्रतींत. नळाला पाणी नाही, फुटपाथ खोदून ठेवलाय, कचऱ्याची गाडी आली नाही, सगळं मुक्तछंदात. खिडकीतला कारकून न वाचता 'आवक'चा शिक्का मारतो आणि काका ती प्रत फाईलला लावतात. ज्या कवितेवर शिक्का नाही, ती त्यांच्या लेखी अप्रकाशित. एकदा उत्तर आलं होतं: अर्ज विहित नमुन्यात नाही. काका आठवडाभर खुशीत होते. "एवढी नेमकी समीक्षा आजवर कुणी केली नव्हती."

मे महिन्यात ते दुपारी मॉलमध्ये जाऊन बसतात. त्यांच्या मते निषेध म्हणून. एसी आहे हा निव्वळ योगायोग. रखवालदाराने हटकलं तर म्हणतात, "या सरकत्या जिन्याखाली माझा सांचा होता." हे खरं आहे, त्यामुळे मला त्यांची चेष्टा करता करता मध्येच थांबावं लागतं. रखवालदारही आता हटकत नाही. "आजोबा, आज काय?" असं विचारतो आणि दाराकडे एक डोळा ठेवून ऐकून घेतो.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. अर्ज झाले, फोन झाले. शेवटी काकांनी सोसायटीच्या सभेत 'उद्वाहका, तुझा वर्ग कोणता?' या दीर्घकवितेचा पहिला भाग वाचला आणि उरलेले दोन पुढच्या रविवारी, असं जाहीर केलं. शुक्रवारी लिफ्ट सुरू! सगळे काकांचं अभिनंदन करायला गेले, तर स्वारी घुश्शात. दोन भाग लिहून तयार होते.

"आता त्यांचं काय करणार?" मी विचारलं.

काकांनी पेनचं टोपण काढलं. 'लिफ्ट' खोडून तिथे 'टँकर' लिहिलं.

"मुक्तछंद आहे," ते म्हणाले, "बसतो. ऐका, चारच ओळी आहेत."