पाच रुपयांचं निर्दोषत्व

शनिवारी संध्याकाळी वाइन शॉपच्या जाळीपुढे जरा उभे राहा. नोट आत जाते, कागदात गुंडाळलेली क्वार्टर बाहेर येते, गिऱ्हाईक ती पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली सारतो. जुडी बायकोसाठी. पोलिसांची भीती त्याच्या मनातही नसते. असायला हवी.

कारण महाराष्ट्रात दारूबंदी आहे. हसू नका. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा नाव बदलून अजून ठणठणीत आहे. विनापरवाना दारू विकत घेणं, बाळगणं, पिणं, सगळे गुन्हे. परवाना मात्र स्वस्त: एका दिवसाचा देशीला २ रुपये, विदेशीला ५, आजन्म हवा असेल तर १,०००. विदेशीचा परवाना द्यायचा कशासाठी? नियम म्हणतो, प्रकृती राखण्यासाठी! चिठ्ठी असेल तर औषध, नसेल तर अपराध.

१९६० साली मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा हा कायदा दोन्ही भावांकडे आला. गुजरातने तो देव्हाऱ्यात ठेवला, आपण गल्ल्यावर. दारूबंदीचा कायदा राबवणाऱ्या आपल्या खात्याचं नावच मुळी ‘राज्य उत्पादन शुल्क’. लांडग्याला मेंढरं राखायला दिली, तर निदान लांडगा पावती फाडत नाही.

वर्धा १९७५पासून कोरडा, गडचिरोली १९९३पासून. नागपुरात उजळ माथ्याने घेतलेली बाटली वर्ध्याच्या हद्दीत शिरली की मुद्देमाल होते. चंद्रपुरात २०१५मध्ये बंदी आली, २०२१मध्ये उठली. तिथला पिणारा सहा वर्षं गुन्हेगार होता. मग एका सरकारी निर्णयाने सुधारला. व्यसनमुक्ती केंद्रालाही इतकं झटपट जमत नाही.

सगळेच गुन्हेगार असले की कुणाला धरायचं हे कायद्याच्या हातात राहत नाही, ते गस्तीवरच्या हवालदाराकडे जातं. पंचतारांकित हॉटेलात ग्लास किणकिणतात तिथे तो परवाना मागायला जात नाही. पुलाखाली देशी घेऊन बसलेल्या बिगाऱ्याला मात्र तो हटकतो, आणि त्या बिचाऱ्याकडे नेमका २ रुपयांचा कागद नसतो.

तो कागद एरवी गिऱ्हाईक मागत नाही, दुकानदारही आठवण करत नाही. त्याची आठवण होते ती तुम्ही कुणाच्या तरी डोळ्यांत खुपता त्या दिवशी. तेव्हा आजच ५ रुपये काढा. प्रकृतीला जपा.