अ‍ॅक्टिव्हिटी आहेत ना?

खोलीतून दरी दिसते का, हा प्रश्न आता मागे पडला. गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, हेही फारसं कुणी विचारत नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये शनिवारी दुपारी पुण्या-मुंबईचं कुटुंब गाडीतून उतरतं आणि रिसेप्शनवर पहिला प्रश्न टाकतं, ‘किड्स अ‍ॅक्टिव्हिटी आहेत ना?’ समोरच्या पोराला या प्रश्नाचा अर्थ पाठ असतो : रात्रीच्या जेवणापर्यंत आमची कार्टी तुमची.

मग पोरांच्या मनगटावर कागदी पट्टा चढतो आणि वेळापत्रक हातात येतं. चारला मटका रंगवणे, पाचला टॅटू, सहाला रेन डान्स, सातला जादूचे प्रयोग, आठला तंबोला आणि नंतर डीजे. बाहेर सह्याद्रीत संध्याकाळचं धुकं उतरत असतं, पण रेन डान्सला पाऊस नळाचाच लागतो. अडीच तास घाटात अडकून वर यायचं आणि वर येऊन सोसायटीच्या क्लबहाऊसमधला वाढदिवस साजरा करायचा, याला म्हणतात वीकेंड.

यातलं सगळ्यात गोड प्रकरण म्हणजे ‘कल्चरल वर्कशॉप’. पालकांच्या मनाला खात असतं की पोरांना आपली संस्कृती कळायला हवी. त्यावर रिसॉर्टवाल्याकडे औषध तयार. गेरूच्या रंगाची लाकडी चकती, पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची डबी आणि प्लास्टिकचा छाप. छाप ठेवायचा, ब्रश फिरवायचा, उचलायचा. दोन त्रिकोण, एक गोल, चार काड्या. झाली वारली! वारली चित्रं पालघर-डहाणूकडची आणि आपण आहोत सातारा जिल्ह्यात, ही क्षुल्लक बाब सांगायला तिथे कुणाला सवड नसते. पोरगं विचारतं, ‘हे नाचणारे कोण?’ शिकवणारी ताई म्हणते, ‘ट्रायबल.’ विषय संपला. चकती चहाचा कप ठेवायला घरी येते.

पाचगणीला हे सगळं नवं आहे असंही नाही. दुसऱ्यांची पोरं सांभाळणं हा या गावाचा इंग्रजांपासूनचा धंदा. निवासी शाळांनी गाव भरलेलं आहे. पूर्वी लोक दहा-दहा वर्षांसाठी मुलं ठेवून जात, आता सहा तासांसाठी ठेवतात, एवढाच काय तो फरक. झांझिबारहून आठ वर्षांचा फारुख बलसारा असाच इथे येऊन पडला होता. त्याने इथे शाळेत असताना चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखायला लागलं. त्या वेळी त्याच्या मनगटावर पट्टा नव्हता आणि सातला जादूचे प्रयोगही नव्हते. पोरांना कंटाळा येऊ दिला की ती काय काय करतात, त्याचा हा पाचगणीतला पुरावा.

आता त्याच रस्त्याने महाबळेश्वरकडे निघा. वाटेत भिलारचा फाटा लागतो. 4 मे 2017 ला या गावाला सरकारने ‘पुस्तकांचं गाव’ केलं. वेल्समधल्या ‘हे-ऑन-वे’ची कल्पना उचलली आणि स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावात आणून लावली. सुरुवातीला 25 ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास मराठी पुस्तकं ठेवली. कुणाच्या ओसरीवर कादंबऱ्या, कुणाच्या माडीवर चरित्रं, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. जे घरात आहे ते बाहेरच्या भिंतीवर रंगवलेलं. आत जायचं, पुस्तक काढायचं, बसायचं, वाचायचं, परत ठेवायचं. कुणी पैसे मागत नाही. सरकारी योजनांना नावं ठेवणं हा या सदराचा उद्योग आहे, पण ही योजना पाहून आमचीही पंचाईत होते. चांगली आहे, काय करणार?

बरं, तिथे जाऊन आमची मंडळी काय करतात? भिंतीपाशी उभं राहून फोटो काढतात. भिंत रंगीत आहे, फोटो चांगला येतो. एखादं आठ-नऊ वर्षांचं पोर चुकून उंबरा ओलांडतं. खालच्या फळीवरचं जाडसर पुस्तक ओढतं, खुर्ची सोडून फरशीवरच फतकल मारतं आणि बोट ठेवून वाचायला लागतं. शहरातल्या शाळेतलं मराठी, त्यामुळे जोडाक्षराशी घोडं अडतं. मान वर करून विचारतं, ‘बाबा, हे काय?’ बाबा दारात. बूट काढावे लागतील म्हणून आत आलेलेच नाहीत. बोटावर गाडीची किल्ली फिरते आहे. ‘अरे, फोटो काढला ना आपण? चल, सनसेट पॉइंट गाठायचाय.’ पोर उठतं. पुस्तक मात्र शहाण्यासारखं फळीवर परत ठेवतं.

तिथे अ‍ॅक्टिव्हिटी नसते, असं नव्हे. तिथे पोरांना ताब्यात घेणारं कुणी नसतं, ही खरी अडचण. शेजारी आपल्यालाच बसावं लागतं. जोडाक्षर फोडून द्यावं लागतं. तासभर मोबाइल खिशात राहतो. सुट्टीवर आलेल्या माणसाने एवढे कष्ट का घ्यावेत?

याच्या उलट टोकाचे पालकही आहेत आणि ते जास्त भयंकर. यांना संस्कृती दाखवायची नसते, तिची तोंडी परीक्षा घ्यायची असते. प्रतापगडाच्या पायऱ्यांवर पोरगं धापा टाकतंय आणि मागून प्रश्न येतो, ‘सांग बघू, अफझलखानाचा वध कधी?’ पोरगं म्हणतं, ‘1659.’ ‘तारीख?’ ‘10 नोव्हेंबर.’ ‘शाब्बास! आणि गड कधी बांधला?’ त्या पोराला तेवढ्यात बुरुजावरून खालचं जावळीचं जंगल दिसलेलं असतं. एवढ्या झाडीत घोडे कसे आले असतील, हा त्याच्या डोक्यातला प्रश्न असतो. वडिलांच्या प्रश्नपत्रिकेत तो नाही. अशा वडिलांपेक्षा तंबोला बरा.

उतरताना वाई लागते. वाई म्हणजे गाडीत पेट्रोल आणि पोटात मिसळ भरण्याचं ठिकाण, अशी सर्वमान्य समजूत आहे. ढोल्या गणपतीला घाईघाईने नमस्कार होतो. मूर्ती मोठी आहे, सेल्फीत सगळे मावत नाहीत, ही तक्रार. देवळाच्या मागच्या बाजूला कुणी जात नाही. 1762 मध्ये रास्त्यांनी हे देऊळ कृष्णेच्या अगदी काठावर बांधलं. पुराचं पाणी आदळून भिंत जायला नको, म्हणून मागची बाजू माशाच्या आकाराची, निमुळती केली. पाणी येतं, दुभंगतं, दोन्ही अंगांनी निघून जातं. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी आईबापांनी रात्रभर जागून थर्माकोलची मॉडेलं करायची आणि हे दगडी मॉडेल पाठीमागून बघायचंसुद्धा नाही, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. पहिला खंड 1976 चा, विसावा 2015 चा. मुलांसाठी पुढे कुमार विश्वकोशही निघाला. पोराचा प्रकल्प मात्र गुगलवर होतो, तोही आईच्या हातून.

आणि मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, घाटावर भलीथोरली घंटा. ‘स्वदेस’चं चित्रीकरण इथे झालं, त्यामुळे शाहरुख कुठे उभा होता हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं जातं. ती घंटा मात्र वरून बघण्याची चीज नाही. जवळ जा, पोराला कडेवर घ्या आणि कडेने नीट बघायला सांगा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. शंकराच्या देवळापाशी मेरी? 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यातलीच, आणि ही मेणवलीची. लूट म्हणा, विजयचिन्ह म्हणा, पण मेरीचं चित्र कुणी घासून काढलं नाही. इतकी वर्षं ती शंकराच्या शेजारी सुखाने लटकते आहे. का घासलं नाही, असं पोराने विचारलं तर तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं उत्तर मिळणार नाही. स्वतःचं डोकं चालवावं लागेल. बहुधा म्हणूनच आपण शाहरुखवर थांबतो.

हे सगळं सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं : ‘कल्पना छान आहे हो, पण दोन दिवसांत वेळ कुठे असतो?’ वाईपासून मेणवली तीन किलोमीटर आहे. शनिवारी सकाळी पसरणी घाटात तेवढंच अंतर कापायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात वाडा, घाट आणि घंटा तिन्ही बघून होतं.